कानी ताक मान्ने

आईने नूडल्सचं पाकीट हातात घेतलं, कपाळावरचा चष्मा खाली ओढला, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "रताळ्याच्या आहेत ना, मग उपासाला चालतील की."

मी गप्प. मुद्दा तसा बिनतोड होता. मागे घटकांच्या यादीत रताळ्याचा स्टार्च आणि पाणी, संपलं. मैदा नाही, अंडं नाही. साबुदाणा चालतो, जो मुळात दक्षिण अमेरिकेतल्या कंदाचा स्टार्च आहे, बटाटा चालतो, तोही तिकडचाच, रताळ्याशिवाय तर आमच्याकडे महाशिवरात्र होत नाही, मग त्याच रताळ्याच्या शेवया पाडल्या तर एकादशीने नाक का मुरडायचं? पण पुढे त्यात कांदा पडतो, लसूण पडतो, मशरूम पडतात, सोया सॉस पडतो आणि सोया सॉसमध्ये परत गहू असतो, हे सगळं मी तिला सांगितलं तर म्हणाली, "मग ते नको घालूस. जिरं-मिरची घाल, दाण्याचं कूट घाल." आणि पाकीट ओट्यावर ठेवून टीव्ही बघायला निघून गेली.

तर हे पाकीट दांगम्यॉनचं. कोरियन काचेसारख्या नूडल्स. त्यांचा जो सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ होतो तो जापचे. नेटवर शोधलंत तर दर दुसरी रेसिपी 'सोपं जापचे', 'वीस मिनिटांत जापचे' अशी दिसेल, आणि मलाही आज ते सोपंच करायचं होतं कारण शनिवार होता, बाई आल्या नव्हत्या आणि सिंक भरलेलं होतं. पण ज्यांच्याकडून मी हे शिकले त्या बाईंना 'सोपं जापचे' हे शब्द ऐकवले असते तर त्यांनी मला वरच्या मजल्यावर पुन्हा बोलावलं असतं की नाही शंकाच आहे. कोरियनमध्ये अशा पदार्थाला म्हणतात 'ज्यात हात खूप जातो' तो पदार्थ. आपण म्हणतो ना, पुरणपोळीला हात फार लागतात, तसंच.

मी सुवॉनला अडीच वर्षं होते, युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. सोलच्या दक्षिणेला, लोकलने साधारण तासभर. गावाच्या मधोमध ह्वासॉंगचा किल्ला, १७९४ ते १७९६ या काळात बांधलेला, त्याच्या तटावरून चालत एका बाजूला उतरलं की थेट फ्राइड चिकनची गल्ली लागते. मी राहायचे ते एका 'विला'त. तिथे विला म्हणजे आपल्याकडचा बंगला नव्हे हो, तीन-चार मजल्यांची साधी बिल्डिंग, आणि बऱ्याचदा घरमालक स्वतः सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. आमच्या मालकीणबाई सत्तरीला टेकलेल्या, त्यांना मी हालमोनी म्हणायचे, म्हणजे आजी. त्यांचे यजमान हाराबोजी, ते फारसे बोलायचे नाहीत, जिन्यात भेटले की मान हलवायचे आणि कचरा नीट वेगळा केलाय ना हे माझ्या पिशवीकडे बघून तपासायचे.

पहिल्याच आठवड्यात हालमोनींना कळलं की मी मटण-चिकन काही खात नाही. "कोगी आन मोगॉ?" मांस नाही खात? मासेपण नाही? अंडं तरी? अंडं खाते म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग अधूनमधून माझ्या दाराच्या हँडलला पिशवी अडकवलेली असायची, आत कधी उकडलेलं रताळं, कधी तिळाच्या तेलातला पालक. आणि त्या पालकाचा जो वास! तो तेलाचा वास होता, पण त्याच्यावर नंतर येते.

हाराबोजींची सत्तरी आली. आपल्याकडे प्रभवपासून क्षयपर्यंत साठ संवत्सरं फिरून आली की साठीशांत करतात, त्यांच्याकडेही साठ वर्षांचं चक्र आहे आणि ते पूर्ण झालं की ह्वानगाप. मला हे कळलं तेव्हा एवढा आनंद झाला होता की मी लगेच आईला फोन केला होता, तिला काही विशेष वाटलं नाही, "असणारच" म्हणाली. पण हल्ली साठीला माणूस धडधाकट असतो, नोकरी करत असतो, म्हणून मोठा कार्यक्रम सत्तरीला करतात. आणि कोरियात वाढदिवस, लग्न, छुसॉक (त्यांचा सुगीचा सण), काहीही असो, ताटात जापचे हवंच, लांबच लांब नूडल्स म्हणजे लांब आयुष्य. आदल्या दिवशी सकाळी हालमोनींनी दार वाजवलं, रिकामी आहेस का, आणि मी लॅबला दांडी मारून वर गेले.

खाली जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, फरशी उबदार (तिथे फरशीखालून घर तापवतात, थंडीत जमिनीवर बसण्यासारखं सुख नाही), मध्ये गॅसची छोटी शेगडी, आणि आपल्याकडच्या परातीएवढं एक स्टीलचं पसरट भांडं. मला गाजरं दिली. मी चिरली. त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि काड्यापेटी आणून त्यातली एक काडी माझ्या पाटावर ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. मी पुन्हा चिरायला घेतली.

मग परतणं. एकच फ्राइंग पॅन, आणि दुपारपर्यंत त्यांनी तो एकदाही धुतला नाही. आधी अंड्याचं पांढरं पातळ धिरड्यासारखं, मग पिवळं, मग कांदा, मग गाजर, मग लाल ढोबळी मिरची आणि सगळ्यात शेवटी मशरूम. फिक्यापासून गडदाकडे, म्हणजे आधीच्याचा रंग पुढच्याला लागत नाही. साधी गोष्ट आहे, पण मला चाळीशीपर्यंत सुचली नव्हती. पालक वेगळा, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात, मग मुठीत पिळून त्याचा लाडूच. पांढरा, पिवळा, हिरवा, लाल, काळा असे पाच रंग हवेत, हे त्यांचं पंचमहाभूतांसारखं काहीतरी जुनं गणित आहे. काळ्यासाठी शिताके आणि आणखी एक मशरूम, मोगी, म्हणजे 'झाडाचा कान', आणि भिजवल्यावर तो खरंच हुबेहूब कानासारखा दिसतो, पाळीसकट.

मी माझ्या मोडक्या कोरियनमध्ये विचारलं, सगळं एकदमच का नाही टाकायचं? त्यांनी ताटल्यांकडे बोट करत सांगितलं, पालक अर्धा मिनिट, गाजर दोन मिनिटं, मशरूम पाच मिनिटं. "कोणी कोणासाठी थांबायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नूडल्स सगळ्यात शेवटी. कच्च्या असताना त्या दिसतात एकदम भिकार, करड्या, कडक, प्लॅस्टिकच्या वायरीसारख्या. उकळत्या पाण्यात टाकल्या की सहा-सात मिनिटांत काच होतात. मला त्या क्षणी आठवला तो कुरडयांचा चीक. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, आणि तो दुधासारखा पांढरा चीक शिजवताना ढवळता ढवळता एकदम पारदर्शक होतो, आणि आम्ही पोरं वाटी घेऊन उभी असायचो, तूप-साखर घालून खायला. हेही तेच आहे. स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात, त्यांच्यातून उजेड आरपार जायला लागतो. गहू असो, साबुदाणा असो, रताळं असो. मी हे हालमोनींना सांगायचा प्रयत्न केला, पण कुरडई हा शब्द कोरियनमध्ये नेणं माझ्या आवाक्याबाहेर होतं.

आणि मग कालवणं. त्या मोठ्या भांड्यात नूडल्स, वर सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल, सगळ्या ताटल्या उपड्या केल्या, हालमोनींनी प्लॅस्टिकचे हातमोजे घातले, थोडं कालवलं, मग वैतागून ते काढून फेकले आणि हातानेच सुरू झाल्या. त्यांच्याकडे एक शब्द आहे, सोन्मात, हाताची चव. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. मराठीत आपण म्हणतो तिच्या हाताला चव आहे, तेच, अगदी शब्दाला शब्द.

त्यांनी दोन बोटांत नूडल्सचा घोळका उचलला, वर केला, आणि थेट माझ्या तोंडासमोर. "कान जोम ब्वाबा."

मी पहिल्यांदा खरंच मोगीकडे बघितलं, म्हटलं कान दाखवतायत. पण हा कान वेगळा, कान म्हणजे पदार्थातलं मिठाचं माप, आणि ब्वाबा म्हणजे बघ. मीठ बघ जरा. मी आ केला, त्यांनी भरवलं, तेल हनुवटीवरून खाली, आणि मी तोंड भरलेलं असतानाच म्हटलं "मासिस्सॉयो", छान झालंय. त्या वैतागल्या! छान झालंय का हे विचारलंच नव्हतं. मीठ कसंय ते सांग.

आता गंमत अशी की मला मीठ बघताच येत नव्हतं. आमच्या घरी नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी चाखायचं नाही, त्यामुळे आईने कधी कोणाला मीठ बघायला सांगितलंच नाही. ती झाकण काढते, वास घेते, आणि सांगते. लहानपणी मला वाटायचं मिठाला वास असतो. म्हणजे पदार्थ कसा झालाय हे ठरवण्यात माझा आयुष्यात कधी काही संबंधच आलेला नव्हता, पानावर आलं की छान म्हणायचं, एवढंच काम. आणि इथे माझ्या आईपेक्षा मोठी बाई, उद्या चाळीस माणसं जेवायला, आणि ही मला विचारतेय. मी गिळलं, दोन सेकंद थांबले आणि भीत भीत म्हटलं, "शिंगॉवॉ...?" म्हणजे अळणी आहे, जरा. त्यांनी एक अक्षर न बोलता सोया सॉसची बाटली उचलली. दोन चमचे. पुन्हा घास. अजून थोडं. पुन्हा घास. तिसऱ्या वेळी मी मान डोलावली तेव्हा त्यांनी मला वाक्य शिकवलं, असं झालं की म्हणायचं, "कानी ताक मान्ने." मीठ अगदी बरोबर बसलंय. मराठी माणसाला हे वाक्य एकदा ऐकलं की विसरता येत नाही, कानात ताक. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा मात्र ती खूप हसली होती.

एक गोष्ट मला नंतर कळली आणि मी जरा हिरमुसले. ज्या नूडल्ससाठी आपण एवढा जीव टाकतो त्या मूळ जापचेत नव्हत्याच. नावातच नाहीत, जाप म्हणजे मिसळ, छे म्हणजे भाज्या. सतराव्या शतकात ग्वांगहेगुन नावाचा राजा होता, १६०८ ते १६२३ गादीवर, त्याला एका सरदाराने घरून चविष्ट पदार्थ पाठवून पाठवून इतकं खूश केलं की तो थेट महसूलमंत्री झाला आणि लोक त्याला टोमणे मारत 'जापचे मंत्री' म्हणायला लागले. (राजाला पुढे गादीवरून काढलं, तो जापचेमुळे नव्हे.) १६७० च्या सुमारास जांग ग्ये-ह्यांग नावाच्या बाईंनी कोरियन लिपीत स्वयंपाकाचं पुस्तक लिहून ठेवलं, त्यातही जापचे आहे, ढीगभर भाज्या, रानकोंबडीसारखा पक्षी, नूडल मात्र एक नाही. दांगम्यॉनमधला दांग म्हणजे चीनचा तांग (तिथलं जुनं राजघराणं), आलं तिकडून, आणि १९१९ मध्ये सारिवॉनला, जे आता उत्तर कोरियात आहे, त्याचा कारखाना निघाला, त्यानंतर कुठे नूडल्स जापचेत घुसल्या आणि आता भाज्याच तोंडी लावण्यापुरत्या उरल्यात. रताळंही मुळात त्यांचं नाही. १७६३ मध्ये जपानला निघालेल्या जो ऑम नावाच्या राजदूताने वाटेत त्सुशिमा बेटावर ते बघितलं आणि बियाण्याला पाठवलं. आपल्याकडेही ते समुद्रावरूनच आलं आणि येऊन उपासाच्या यादीत बसलं. त्यामुळे आईचा प्रश्न वाटतो तितका येडा नाही.

असो. आता पुण्यातलं आजचं सोपं जापचे, कारण बऱ्याच जणी विचारतात.

पहिलं म्हणजे नूडल्स रताळ्याच्याच घ्या. आपल्याकडे 'ग्लास नूडल्स' म्हणून ज्या पातळ, पांढऱ्या, दोऱ्यासारख्या मिळतात त्या बहुतेक मुगाच्या स्टार्चच्या असतात, सूपला चांगल्या, जापचेत त्यांचा लगदा होतो. मी एकदा केलाय, खाल्लाय आणि बाकीचा गुपचूप फेकलाय. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या पट्ट्यात कोरियन कंपन्या असल्यामुळे पुण्यात कोरियन सामान शोधलं तर मिळतं. दुसरं, डार्क सोया सॉस घालू नका, सगळं डांबरासारखं काळं होतं. आणि तिसरं ते तेल. सुवॉनच्या बाजारात तीळ भाजून तेल काढून देणाऱ्या गिरण्या आहेत, ते तेल सोजूच्या रिकाम्या हिरव्या बाटल्यांत भरून देतात, दारूच्या बाटलीत तेल, आणि गल्लीच्या तोंडाशी आलं की वासाने कळतं पुढे गिरणी आहे. आपलं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, चांगलंच असतं पण तो वास नाही. भाजलेल्या तिळाचं नसेल तर घाण्याचं वापरा आणि मूठभर तीळ खमंग भाजून, भरड कुटून जास्तीचे घाला, काम भागतं. पूर्ण नाही भागत, पण भागतं.

दोनशे ग्रॅम नूडल्स, तीन-चार माणसांना पुरतात. तासभर साध्या पाण्यात भिजत टाका, अंघोळ वगैरे उरकून घ्या. सॉस म्हणजे चार मोठे चमचे सोया, दोन साखर, दोन तेल, चमचाभर वाटलेला लसूण, मिरपूड. आता पसरट कढईत थोड्या तेलावर तळाला कांदा, त्यावर भिजवून चिरलेले मशरूम, त्यावर गाजर, मग भिजलेल्या नूडल्स कात्रीने दोन-तीनदा कापून (आयुष्य लांब वगैरे ठीक आहे पण वाढताना भांडणं होतात), वर सॉस आणि अर्धी-पाऊण वाटी पाणी. झाकण. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं. मग ढोबळी मिरची आणि पालक, पुन्हा एक मिनिट झाकण, मग झाकण काढून पाणी आटेपर्यंत परता. म्हणजे हालमोनींचा हिशोब आहेच, फक्त आडव्या मांडलेल्या ताटल्या उभ्या रचल्या, ज्याला वेळ लागतो तो तळाला. अंड्याची पट्टी वाटली तर घाला. वरून तीळ.

खरं सांगू? वाईट नाही होत. मंगळवारी रात्री साडेआठला ऑफिसवरून येऊन करायला अगदी बेस्ट. पण गाजराला गाजराची चव राहत नाही, सगळ्याला सगळ्याची लागते, आणि ते मला तरी कळतं. घरात बाकी कोणाला कळत नाही. त्यामुळे मी ते कोणाला सांगत नाही.

शेवटचं तीळ घालून कालवायचं काम मात्र मी चिमट्याने करत नाही. आज आईला म्हटलं तू कालव. तिने पाटल्या वर सारल्या, हात धुतला, आणि दडपे पोहे कालवतो तसं खालून वर, खालून वर, बोटं जराही चिकट होत नाहीत तिची, कसं करते देव जाणे. मी म्हटलं मीठ बघ. तिने कढईवर वाकून वास घेतला.

"कमी आहे."

"अगं खाऊन तरी बघ!"

"खायला कशाला पाहिजे."

मी हट्टाने दोन बोटांत नूडल्स घेऊन तिच्या तोंडासमोर धरल्या. ती मागे झाली, "अगं, अगं, साडीवर सांडेल," असं म्हणत, मग इकडेतिकडे बघितलं, जणू देवघरातून कोणी बघतंय, आणि खाल्लं. बराच वेळ चावत राहिली, ते तसं चिवट असतंच. मग म्हणाली, "कमीच आहे." मी घास घेतला. कमी होतं. अर्धा चमचा सोया आणखी घातला, आता तिने मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही की कानी ताक मान्ने, पण झालं होतं.

उरलेलं फ्रीजमध्ये गेलं. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की हे पुन्हा पांढुरकं आणि कडक होतं, शिळ्या साबुदाण्याच्या खिचडीसारखं, घाबरायचं नाही, पॅनमध्ये पाण्याचा हबका मारून गरम केलं की परत काच. तिकडे ते गरम भातावर घालून खातात, किंवा सीवीडमध्ये गुंडाळून तळतात. मी सकाळी उठेपर्यंत मात्र उशीर झाला होता. स्वयंपाकघरातून चर्रर्र आवाज आला, आईने लोखंडी कढईत मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या टाकून सगळ्या जापचेला फोडणी दिली होती आणि वरून दाण्याचं कूट, जे तिच्या डोक्यात कालपासून होतं. बशी माझ्यापुढे सरकवली.

"मीठ बघू का?" मी विचारलं.

"बघायचंय काय त्यात? बरोबर आहे."

बरोबर होतं. मोहरी मात्र नको होती, असं माझं अजूनही मत आहे.